बीळ कोणाचे, बिल कितीचे?

कोयनानगर, हेळवाक, रासाटी या पट्ट्यात तुमचे घर आहे आणि जोत्याला लागून ताज्या मातीचा ढीग दिसला, तर लगेच विष आणायला धावू नका. आधी बीळ कोणाचे ते ओळखा. भलत्याच प्राण्यावर केलेला खर्च वाया जातो आणि इथे तो गुन्हाही ठरू शकतो. डोंगरावर कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वनखात्याची नजर इथे चार गावांपेक्षा जास्त असते.

ओळखायला पैसे लागत नाहीत. बिळाचे तोंड मुठीएवढे, बाहेर भुसभुशीत मातीचा ढीग, तो रोज सकाळी थोडा वाढलेला, जवळपास कणसांचे किंवा शेंगांचे तुकडे असतील, तर ती घूस. तोंड त्याहून लहान आणि ढीग नावापुरता, तर उंदीर. ओलसर बांधात चिखलाच्या गोळ्या बाहेर टाकलेल्या दिसल्या, तर खेकडा. तोंड फूटभर रुंद आणि आसपास काळे-पांढरे काटे किंवा कुरतडलेली हाडे पडलेली, तर साळिंदर. वारूळ फोडलेले आणि शेजारीच मोठे बीळ, तर खवले मांजर असू शकते. साप स्वतः बीळ खणत नाही, उंदरा-घुशीच्या आयत्या बिळात राहतो. म्हणून कुठल्याही बिळात हात घालायचा नाही, काठी खुपसायची नाही.

यूट्यूबवर बीळ रिकामे करण्याचे जे व्हिडिओ दिसतात, त्यांतले बरेच अमेरिकेतल्या ग्राउंडहॉगसाठी केलेले असतात. तो प्राणी आपल्याकडे नाही. त्याच्यासाठीचा सापळा आणि औषधे इथे ऑनलाइन मागवणे म्हणजे पैसे फेकणे.

कोणाला हात लावायचा नाही

घूस आणि उंदीर मारायला परवानगी लागत नाही. साळिंदर, खवले मांजर, घोरपड, मुंगूस, उदमांजर यांना मात्र वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. या कायद्यात शिकारीचा अर्थ फक्त मारणे नाही. पकडणे, फासा लावणे, विष घालणे आणि त्यातले काहीही करण्याचा प्रयत्न, सगळे शिकारीतच येते. बिळाच्या तोंडाशी धूर करणेही त्यात बसू शकते. खवले मांजर आणि घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड आहे. इतर बऱ्याच गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘साळिंदर काढून देतो, पाच हजार द्या’ असे कोणी म्हणाले तर नाही म्हणा. पकडला गेला तर तो एकटा अडकणार नाही, जागेचे मालक म्हणून तुमचेही नाव येईल.

अशा प्राण्यासाठी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अभयारण्यालगत हेळवाकचे वन्यजीव परिक्षेत्र कार्यालय आहे, बाकी भागासाठी पाटणचे वनपरिक्षेत्र. दोन्हीकडे तक्रारीला शुल्क नाही. राज्य सरकारी कार्यालये सोमवार ते शुक्रवार, सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. शनिवारी जाऊन परत येण्याचा हेलपाटा करू नका. अर्ज लेखी द्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा, पण वनखात्याने ओळखपत्र दिलेल्यालाच. सर्पमित्र फी आकारत नाहीत. लांबून आला असेल तर पेट्रोलचे पैसे द्या, ती माणुसकी झाली. साप पकडून झाल्यावर ‘पूजेचे’ पैसे मागणारा सर्पमित्र नसतो.

घरातली घूस: पिंजरा आणि गवंडी

घरासाठी पहिला खर्च पिंजऱ्याचा. उंदराचा साधा पिंजरा अंदाजे १५० ते ३०० रुपयांना मिळतो. घुशीला तो पुरत नाही, तारा वाकवून ती निघून जाते. तिच्यासाठी जाड तारेचा मोठा पिंजरा घ्या, ५०० ते १,००० रुपये. पाटणच्या किंवा कराडच्या भांडी-हार्डवेअरच्या दुकानात दार ओढून बघा. स्प्रिंग ढिली असेल तर दुसरा मागा. चिकट पट्टी घेऊ नका. ३०-४० रुपयांत मिळते खरी, पण घूस त्यावरून सुटते आणि पाल, चिमणी, मांजराचे पिल्लू त्यात अडकते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही राज्यांना तिच्या वापरावर बंदी घालायला सांगितले आहे.

पिंजरा आणला त्याच रात्री लावला की घूस त्यात येत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री दार बांधून उघडे ठेवा, आत आमिष ठेवा, तिला खाऊन जाऊ द्या. चौथ्या रात्री कळ लावा. सुके बोंबील, भाजलेले खोबरे, भजी, गूळ-शेंगदाणे यांतले काहीही चालते. पिंजरा भिंतीला चिकटून ठेवा, खोलीच्या मध्ये नाही, कारण घूस भिंतीच्या कडेनेच फिरते. सकाळी उजाडताच बघा. मुंगूस किंवा उदमांजर अडकले असेल तर तिथल्या तिथे सोडा. घूस लांब नेऊन दुसऱ्याच्या वाडीत सोडणे हा उपाय नव्हे, शेजाऱ्याच्या माथी मारणे झाले. उन्हात तडफडत ठेवणेही नको, त्याला प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहे.

पकडलेल्या घुशीची जागा दुसरी घूस घेते. म्हणून खरा खर्च बांधकामावर करायचा असतो, आणि नेमका तोच लोक टाळतात. इथल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती, सारवलेल्या जमिनी, दगडी जोत्यातल्या सांधी, न्हाणीघराचे उघडे मोरीपाइप म्हणजे घुशीला बिनभाड्याची खोली. बीळ नुसत्या मातीने बुजवू नका. काचेचा चुरा, खडी आणि सिमेंट यांचे मिश्रण खोलवर ठासा. जोत्याच्या बाहेरून दीड-दोन फूट खोल चर खणा, त्यात अर्ध्या इंचाची जाळी उभी बसवा आणि तळाशी फूटभर बाहेरच्या बाजूला आडवी वळवा. घूस भिंतीच्या कडेने खाली खणत जाते, आडव्या जाळीवर अडकते आणि तिला बाहेर येऊन नव्याने सुरुवात करायचे सुचत नाही. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी. लहान उंदरासाठी फट पाव इंचापेक्षा कमी हवी.

दोन खोल्यांच्या घराचा हिशेब ढोबळमानाने असा: दोन मोठे पिंजरे १,४००, सिमेंटची एक गोणी ४००, वाळू-खडी ५००, जाळी ६००, गवंड्याचा एक दिवस ९००, मदतनिसाचा ६००. एकूण ४,४०० रुपये. भाव थोडे इकडेतिकडे होतील, तुमच्या वाडीपर्यंत टेम्पो जात नसेल तर वाहतूक वेगळी. पण हा खर्च एकदाच करायचा असतो. याउलट, वर्षाचा पेस्ट कंट्रोलचा करार यापेक्षा महाग पडू शकतो आणि त्यात जाळी, सिमेंट सहसा धरलेले नसते.

काम कधी काढायचे? दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत. जूनपासून इथे जो पाऊस सुरू होतो, त्यात सिमेंट सुकत नाही आणि गवंडीही मिळत नाही. पावसात शेतातली बिळे पाण्याने भरतात तेव्हा घूस घराकडे येते. भात कापून झाल्यावर ती दुसऱ्यांदा येते, कणगीच्या वासाने. दोन्ही वेळांच्या आधी भोके बंद झालेली हवीत.

‘आवाज करून उंदीर पळवणारे’ प्लगमध्ये लावायचे यंत्र घेऊ नका. जमिनीखालच्या बिळात तो आवाज पोचत नाही. मिरचीची धुरी आणि डांबरगोळ्यांनी घूस दोन हात सरकते, एवढेच.

विष: कुठले, कुठे, कुठे नाही

घरात विष टाळा, हे माझे मत. बाहेर, शेतात, बांधावर लागलेच तर दोन नावे लक्षात ठेवा.

झिंक फॉस्फाइड ही काळसर पूड शेतातल्या जिवंत बिळांसाठी. जिवंत बीळ ओळखायची रीत सोपी आहे. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बंद करा, सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. औषध फक्त तिथे. पहिले दोन-तीन दिवस बिनविषाचे आमिष द्या, नाहीतर चलाख जनावर विषाच्या पहिल्या घासाला शंका घेते आणि पुढे तोंडच लावत नाही. मग ९६ भाग धान्याचा भरडा, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाइड, असे काठीने मिसळून कागदाच्या पुडीत साधारण १० ग्रॅम बिळात आत ठेवा. हाताने कालवू नका, पाणी घालू नका. ओलावा लागला की विषारी वायू सुटतो. या विषावर उतारा नाही.

ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्के वड्या कमी घाईच्या. जनावर काही दिवसांनी मरते, त्यामुळे त्याला शंका येत नाही. आठ-पंधरा दिवसांनी उरलेल्या बिळांसाठी त्या वापरा. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेल्या तर जीवनसत्त्व के-१ हा उतारा डॉक्टरांकडे असतो, पण पाकीट बरोबर न्या. विष खाऊन मेलेला उंदीर घुबड, कुत्रा, मांजर खाते आणि तेही मरू शकते. मेलेली जनावरे रोज सकाळी हातमोजे घालून गोळा करा आणि दीड-दोन फूट खोल पुरा.

आता ज्याच्या वाटेला जाऊच नये ते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना गावात ‘गव्हातली गोळी’ म्हणतात. बिळात टाकून माती लोटली की काम झाले, म्हणून लोकांना ती आवडते. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू जमिनीच्या सांधीतून खोलीत येतो. ही गोळी सर्वसामान्य माणसाने वापरायची नाही. ती सरकारी यंत्रणा किंवा मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालचे पेस्ट कंट्रोलवाले यांनाच वापरता येते, आणि १० व २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर बंदीच आहे. दुकानदाराने कागदात गुंडाळून सुट्या चार गोळ्या दिल्या तर ते ‘ओळखीने मिळाले’ नाही, बेकायदा मिळाले. तीच गत पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टची: टूथपेस्टसारखी ट्यूब, यकृत निकामी करते, उतारा नाही. घरात लहान मूल असेल तर ट्यूब आत आणूच नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूरला घरात ठेवलेल्या उंदराच्या विषामुळे दोन लहान मुले दगावली. तिथे तर काम पैसे देऊन बोलावलेल्या माणसांनी केले होते.

औषध परवानाधारक कृषी सेवा केंद्रातूनच घ्या. पक्के बिल मागा, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. फळीवरचे शेवटचे पाकीट म्हणून मुदत संपलेला माल खपवला जातो, तारीख स्वतः वाचा.

माणूस बोलावायचा तर

कोयनानगरला काम करायला पेस्ट कंट्रोलवाला कराड, सातारा किंवा घाट चढून चिपळूणहून येईल. एका फेरीचे साधारण १,२०० ते २,५०० रुपये सांगेल. बोलणी फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आधी हे विचारा: कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना क्रमांक काय, तो कोणत्या तारखेपर्यंत, औषधाचे नाव काय, किती फेऱ्या, फेऱ्यांमध्ये किती दिवस, मेलेली जनावरे कोण उचलणार, बिळे बुजवणे दरात आहे का. हा परवाना कृषी खाते देते. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच थांबवा. ‘औषध आमचे गुप्त आहे’ असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्या घरात काय टाकले जाणार आहे ते कळण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि काही झाले तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

छुपे पैसे ठरलेल्या जागी असतात. पहिला, प्रवासखर्च: ‘कराडच्या बाहेर’ म्हणून नंतर ५००-८०० वाढतात, तेव्हा दर तुमच्या दारापर्यंतचा ठरवा. दुसरा, ‘तपासणी शुल्क’: काम त्यालाच दिले तर ते बिलातून वजा होणार, हे लिहून घ्या. तिसरा, बिळामागे दर. हा कधीच मान्य करू नका, एका घुशीच्या बिळाला पाच तोंडे असू शकतात आणि मोजणारा तोच असतो. चौथा जीएसटी. घराच्या पेस्ट कंट्रोलवर १८ टक्के लागतो, पण वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आतल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीची सक्ती नाही. ज्याच्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही, त्याने जीएसटी आकारायचा नाही. आणि शेतातल्या उभ्या पिकाच्या संरक्षणाचे काम असेल तर त्या सेवेला जीएसटी माफ आहे. घर आणि शेत एकाच बिलात टाकून सगळ्यावर १८ टक्के लावलेले दिसले तर बिल फोडून मागा.

पैसे दोन हप्त्यांत द्या, निम्मे पहिल्या फेरीला आणि निम्मे १५ दिवसांनी, जिवंत बिळे पुन्हा मोजून. ‘आयुष्यभराची हमी’ मिळत असेल तर समजा हमी नाहीच.

सरकारी वसाहतीत राहत असाल तर गटार, ड्रेनेज, भिंतीतले भोक ही कामे खिशातून करू नका. आधी वसाहतीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या. गावठाणातल्या सार्वजनिक गटारासाठी ग्रामपंचायत.

पाटण तालुक्यातली बरीच घरे गणपती आणि मे महिना सोडला तर कुलपात असतात. तुम्ही मुंबईत आणि घर इथे, असे असेल तर किल्ली ठेकेदाराला देऊन मोकळे होऊ नका. भावकीतला कोणीतरी हजर हवा. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, तारखेसह. बंद घरात विष तर अजिबात नको: महिन्याने दार उघडाल तेव्हा मेलेली घूस भिंतीत असेल, आणि ती काढायला भिंत फोडण्याचे पैसे तुम्हीच द्याल. घर बंद करताना धान्य, सुकी मासळी, जुन्या गोधड्या आत ठेवू नका, मेन स्विच बंद करा. कुरतडलेल्या वायरीची दुरुस्ती घुशीपेक्षा महाग पडते.

शेत आणि बांध

शेतात एकट्याने मोहीम काढून उपयोग नाही. तुमच्या खाचरातली घूस मेली की शेजारची येते. सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात करा. कृषी सहाय्यकाला बोलवा, सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. कोकणात कातकरी पिढ्यान्पिढ्या बिळे खणून उंदीर काढत आले आहेत. असे जाणकार मिळाले तर विषापेक्षा ते बरे. पण रोजची मजुरी आधी ठरवा आणि रोख द्या. ‘पकडाल ते तुमचे’ ही मजुरी होत नाही. खणलेला बांध पुन्हा बांधायचा दिवसही त्यात धरा.

खेकड्यांवर पैसे खर्च करू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री घाटाखाली तिवरे धरण फुटले तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांवर खापर फोडले होते. धरणाचे राहू द्या, खाचराच्या बांधाला मात्र ते भोके पाडतातच. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडा, पकडा, कालवण करा. बांध चिखलाने चोपून घ्या.

साळिंदरासाठी उपाय एकच: अडवणे. भुईमूग, रताळी, केळीच्या वाफ्याभोवती जाळीचे कुंपण, खाली फूटभर पुरलेले. वीज सोडलेली तार मात्र कोणत्याही प्राण्यासाठी नाही. ती वीजचोरी आहे, आणि त्यात माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जाते. सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांत जे कमी ते अनुदान आहे. तुमचे गाव योजनेत आहे का आणि यंदाचा निधी शिल्लक आहे का, हे वनपरिक्षेत्रात विचारून मगच साहित्य घ्या. आधी खरेदी करून नंतर बिल लावू असे सांगणाऱ्या दलालाचे ऐकू नका.

पीक नुकसानीची भरपाई रानडुक्कर, गवा, हरीण, माकड, वानर अशा यादीतल्या प्राण्यांसाठी आहे, घुशी-उंदरांसाठी वनखाते काही देत नाही. साळिंदराचा अर्ज करण्याआधी कार्यालयात यादी बघून घ्या. अर्ज नुकसान झाल्यापासून ३ दिवसांत. कागद: सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुकाची प्रत, नुकसानीचे फोटो. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नका. अर्ज भरून द्यायचे ‘साहेबांचे’ पैसे मागितले तर देऊ नका, अर्ज मोफत आहे.

काही बिघडले तर

विष पोटात गेले किंवा बंद खोलीत लसणासारखा, सडक्या मासळीसारखा वास येऊन मळमळू लागले, तर सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा, पाकीट बरोबर घ्या. उलटी करवू नका, दूध-तेल पाजू नका. दिल्लीच्या एम्समधले राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००-११६-११७ वर चोवीस तास उत्तर देते. पावसात बिळांशी काम केल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना घुशीचे काम केल्याचे सांगा, लेप्टोस्पायरोसिसची तपासणी लागेल. गमबूट आणि रबरी हातमोजे मिळून ५००-६०० रुपयांत येतात, पिंजऱ्याआधी ते घ्या.

ठेकेदाराने पैसे घेऊन काम अर्धवट सोडले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटले नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ई-जागृती पोर्टलवर तक्रार. वकील लागत नाही, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, मुदत २ वर्षे. सोबत लागेल पक्के बिल, व्हॉट्सॲपवरची बोलणी आणि तारखेचे फोटो.